मागच्या वाड्यातली शेड: तयार आणावी की बांधून घ्यावी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर इथेच कळेल. वडोदऱ्यात मांजलपूरला तुमचं टेनामेंट, म्हणजे स्वतंत्र छोटं घर आहे. मागे बारा बाय बावीस फुटांचा मोकळा वाडा, एका कोपऱ्यात चोकडी, म्हणजे धुण्याभांड्यांची जागा. नातवंडांच्या सायकली, शिडी, बागेची अवजारं, गणपतीचं मखर, आईच्या पितळी भांड्यांच्या दोन ट्रंका आणि वडिलांच्या जुन्या कागदांच्या पेट्या ठेवायला आठ बाय दहाची शेड हवी आहे. मुलगा म्हणतो, ऑनलाइन तयार किट मागवा, दोन दिवसांत विषय संपला. घरातून, म्हणजे वहिनींचा, आग्रह आहे की एकदाच काय ते विटांचं पक्कं करून टाका. आणि तुम्हाला निवृत्तीनंतर हाताला काम हवंय, त्यामुळे व्हिडिओत बघितली तशी लाकडाची शेड स्वतः उभी करायची हौस आहे.

मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, फॅब्रिकेशनचं काम करतो. गेट, जाळ्या, जिने, शेड. सव्वीस वर्षं झाली. लोखंडवाला लोखंडाचीच बाजू घेणार, एवढं धरून पुढचं वाचा. पण गिऱ्हाइकाने मागवलेली तयार किट जोडून देण्याची पंधरा-वीस कामं मी केली आहेत, आणि विटांच्या खोल्यांवर पत्रे तर किती टाकले त्याची मोजदाद नाही. तिन्ही प्रकार उभे राहताना पाहिलेत आणि बिघडतानाही पाहिलेत.

शेडबद्दल मला जे तक्रारीचे फोन येतात त्यातले निम्म्याहून जास्त खरं तर जमिनीचे असतात. दार घासतंय. कडी लागत नाही. आत एका कोपऱ्यात पाणी येतं. खालची पट्टी गंजून हातात आली. तुमच्या घरातल्या तिघांच्या वादात भिंत आणि छप्पर यांचाच ऊहापोह आहे, जोत्याचं नावही कोणी काढलेलं नाही. किट घ्या, वीट घ्या की लोखंड, जोतं तुम्हाला बांधून घ्यावंच लागणार. किटच्या जाहिरातीत जी किंमत दिसते तिच्यात खालचा कोबा धरलेला नसतो, आणि बऱ्याच किटमध्ये तळही नसतो, नुसत्या चार भिंती आणि छप्पर. मुलाला हे आधी सांगा. 'दोन दिवसांत विषय संपला' म्हणतो त्यात कोब्याचे आठ-दहा दिवस मिळवावे लागतील.

आता जमीन कुठली, त्यावर बरंच अवलंबून आहे आणि ते मी इथे बसून सांगू शकत नाही. वडोदऱ्यात कुठे गोराडू (रेताड, भुसभुशीत) माती लागते, कुठे काळी चिकण. एकाच सोसायटीत भराव टाकलेला असेल तर दोन घरांत फरक पडतो. शोधायची पद्धत साधी आहे. शेड जिथे येणार तिथे दीड-दोन फुटांचा खड्डा खणा. माती काळी असेल, ओली केल्यावर हाताला साबणासारखी लागत असेल, आणि मे महिन्यात वाड्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडत असतील, तर ती पाण्याने फुगणारी आणि उन्हात आकसणारी माती आहे. वर्षातून एकदा ती तुमचं जोतं उचलणार आणि एकदा खाली सोडणार. सगळं एकसारखं उचलत नाही, हीच अडचण. चोकडीच्या बाजूची माती बारा महिने ओली, कंपाउंडच्या बाजूची उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत. म्हणून एक कोपरा वर राहतो, एक बसतो, आणि दार घासायला लागतं.

मोठ्या इमारतींना अशा मातीत खोल जावं लागतं. रुरकीच्या सीबीआरआय या बांधकाम-संशोधन संस्थेने खाली फुगा असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, काढले ते याच मातीसाठी. अडगळीच्या शेडला एवढा खटाटोप कोणी करणार नाही. हलक्या शेडला आम्ही उलटा मार्ग घेतो: जमीन हलणारच असेल तर सगळी शेड एका तबकात बसवायची, म्हणजे हलली तरी अख्खी हलेल. काळी माती फूटभर काढून टाका, तिथे मुरूम दोन थरांत पाणी मारून धुम्मसाने ठोका, वर जाड प्लास्टिक अंथरा आणि त्यावर चार-पाच इंचांचा एकसंध कोबा, आत आठ एमएमच्या सळयांची जाळी. चारी कडांना कोबा थोडा खोल आणि जाड. कडिया (गवंडी) म्हणेल, एवढ्याशा शेडला सळई कशाला साहेब. त्याचं ऐकू नका. गोराडू माती असेल तर मुरूम सहा इंच पुरेल आणि जाळीशिवायही चालून जाईल, तरी मी स्वतः असतो तर टाकली असती. वाळवीचं औषध कोबा घालण्याआधी, मुरूम ठोकून झाल्यावर मारून घ्यायचं. नंतर मारायचं म्हणजे कोब्याला भोकं पाडत बसा.

कोब्याच्या मापाबद्दल माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती अजून दर दुसऱ्या घरी दिसते. २००३ साली मी माझ्याच घरामागे शेड केली. शेड आठ बाय दहा, आणि कोबा ऐसपैस नऊ बाय अकरा. चारी बाजूंनी सहा इंच ओटा बाहेर, दिसायलाही बरा आणि बसायलाही. तीन पावसाळ्यांत खालचा पाइप आतून सडला. छपराचं पाणी त्या सहा इंचांच्या ओट्यावर पडायचं, उडून पत्र्यावर यायचं, आणि ओट्यावरून सरळ पाइपाखालून आत. लोखंड वाईट नव्हतं, रंगही चांगला होता. मीच पाण्याला आत यायला रस्ता करून दिला होता. कोबा शेडच्या मापाचाच ठेवायचा, आणि भिंतीचा पत्रा कोब्याच्या कडेच्या खाली दीड-दोन इंच उतरवायचा, म्हणजे पाणी पत्र्यावरून थेट जमिनीवर निथळतं. ही गोष्ट कडियाला आणि फॅब्रिकेटरला दोघांना एकाच वेळी समोर उभं करून सांगा. वेगवेगळं सांगितलं की दोघे वेगवेगळी मापं धरतात.

आणि उंची. आपल्या गावात हा प्रश्न टाळताच येत नाही. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस झाला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, जिची धोक्याची पातळी २६ आहे. तुमच्याकडे तेव्हा वाड्यात किती पाणी होतं? भिंतीवर अजून खूण असेल, नसेल तर शेजाऱ्यांना विचारा. घोट्याइतकं असेल तर जोतं जमिनीपासून दीड फूट उचला, प्रश्न मिटेल. कमरेइतकं असेल तर जोत्याने काही होणार नाही. तेवढं जोतं उचललंत तर सायकल चढवायला रॅम्प लागेल आणि अर्धा वाडा त्यातच जाईल. अशा ठिकाणी मी जोतं फूटभरच ठेवतो, पाणी आत येणार हे मान्य करतो, आणि भिंतीत खाली दोन समोरासमोर जाळीच्या खिडक्या देतो, म्हणजे पाणी दोन्हीकडून सारखं येतं आणि उतरताना निघून जातं. आत पाणी अडलं आणि बाहेर उतरलं की पत्रा फुगून स्क्रूंतून सुटतो. २०२४ च्या त्या आठवड्यात आपल्या वडोदऱ्यातल्याच अकोट्याला एकांचं प्लास्टिकचं तयार कपाट, आतल्या सामानासकट, तरंगत शेजारच्या गेटला जाऊन टेकलेलं मी पाहिलं. जमिनीला बांधलेलं नव्हतं. मगरी रस्त्यावर आल्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले, कपाटाचा कोणी काढला नाही.

जोतं झालं की मगच वर काय ठेवायचं हा प्रश्न.

तयार किट. पत्र्याचं किट घेणार असाल तर विकणाऱ्याला पहिलं विचारा पत्रा किती एमएमचा आणि एकूण वजन किती. पत्र्याची जाडी सांगायला कुरकुर करणारा वजन मात्र सांगतो, कारण ते वाहतुकीसाठी लिहावं लागतं. आठ बाय दहाचं हलकं किट शंभर-सव्वाशे किलोत येतं. मी त्याच मापाची शेड करतो ती तीनशेच्या घरात जाते. हिशेब उघड आहे: ४० बाय ४० चा दोन एमएम जाडीचा चौकोनी पाइप, वीस फुटांची एक लांबी साधारण चौदा किलो. असे अकरा लागतात, म्हणजे दीडशे किलो. उरलेलं ०.४५ एमएमचा पत्रा, दार, कड्या, क्लीट (जोडणीचे तुकडे).

वजनाला एवढं का धरून बसलोय? वाऱ्यासाठी. इमारतींवर वाऱ्याचा भार काढायच्या आयएस ८७५ या मानकात वडोदऱ्यासाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या वर. ते सोडा, मे-जूनमधल्या वळवाच्या झंझावातात ताशी ऐंशीचा झोत समजा. तेवढ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला तीस किलोच्या आसपास येतो. तुमचं छप्पर साडेसात चौरस मीटर. सगळा दाब उचलायलाच लागतो असं नाही, पण दार उघडं राहिलं आणि वारा आत शिरला तर आतून वर आणि बाहेरून ओढ असं दोन्ही होतं, आणि शेडला वर खेचणारं बळ दोनशे किलोच्या पुढे सहज जातं. आता सव्वाशे किलोची पेटी नुसती ठेवलेली असेल तर काय होईल ते सांगायला नको. माझी तीनशे किलोची असली तरी मी तिला बांधतोच. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, तिथे वजनाच्या भरवशावर राहता येत नाही.

तेव्हा किट घेतलंत तरी त्याला अँकर फास्टनर, म्हणजे काँक्रीटमध्ये घट्ट बसणारे बोल्ट, हवेत, आणि इथे वर सांगितलेलं मापाचं गणित आडवं येतं. कोबा शेडच्या मापाचा, म्हणजे खालची पट्टी अगदी कडेवर. कडेवर ड्रिल मारलं की काँक्रीटचा कोपरा फुटून येतो. उपाय असा: पट्टीला आतल्या बाजूने अँगलचे तुकडे लावायचे आणि अँकर त्यांतून, कडेपासून चार इंच आत मारायचे. आम्ही शेड करतो तेव्हा हे तुकडे वेल्ड करूनच आणतो. किटमध्ये ते नसतात, आणि किटचा पत्रा इतका पातळ की त्याला वेल्डिंग करता येत नाही, जळून जातो. मग नट-बोल्टने जुगाड करावं लागतं. मी केलंय, होतं. पण मग 'तयार' कशाला म्हणायचं?

किटची दुसरी अडचण उंची. कडेला पाच-साडेपाच फूट आणि दार त्याहून कमी, असे बरेच असतात. तुमची शिडी आडवी न्यावी लागेल आणि तुम्ही वाकून. साठीनंतर दिवसातून चारदा वाकून आत शिरणं कसं असतं ते तुम्हीच ठरवा. जोडणीलाही दोन माणसं आणि अख्खा दिवस, कधी दीड. दोन-तीनशे स्क्रू असतात, आणि शेवटच्या पत्र्याला कळतं की पहिल्याला गुण्यात (काटकोनात) धरलं नव्हतं.

तरी किट मी कोणाला सुचवतो? भाड्याच्या घरात राहणाऱ्याला. दोन-तीन वर्षांत घर विकायचं असेल त्याला. आणि ज्याला चार बाय सहापेक्षा लहान, नुसती बागेची अवजारं ठेवायला काहीतरी हवंय त्याला. एवढ्या लहान कामाला चांगला फॅब्रिकेटर येतही नाही, आला तर मजुरी मालापेक्षा जास्त लावतो.

जुनी पोर्टा केबिन, म्हणजे उचलून नेता येणारी तयार खोली, हाही एक पर्याय लोक काढतात. साइटवरचं काम संपलं की ठेकेदार विकून टाकतात, आणि माल खरोखर दणकट असतो. पण ती हायड्रा क्रेननेच उतरते. टेनामेंटच्या गल्लीत विजेच्या तारा, समोरच्यांचा आंबा, आणि तुमचा वाडा घराच्या मागे. घरावरून उचलून टाकायची तर क्रेनचा खर्च केबिनच्या जवळ जाईल. घेतलीच तर तळाची पाटी दाबून बघा, बाथरूमच्या बाजूला ती हमखास फुगलेली असते.

आता वीट. वहिनींचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. विटांची खोली थंड राहते, आवाज करत नाही, आणि माकडांनी छपरावर उड्या मारल्या तरी दुपारची झोप मोडत नाही. पण साडेचार इंची भिंत, छत्तीस फूट घेर, सात फूट उंची, एवढ्याचंच वजन पाच टनांवर जातं. प्लास्टर वेगळं. तीनशे किलोची शेड तबकात बसवता येते, पाच टनांची येत नाही. तिला खरा पाया लागतो, आणि काळी माती निघाली तर तो पाया खोल लागतो. फूटभर खणून बांधलेल्या अशा खोल्यांना दुसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाते. तिच्यात पुढे कितीही पुट्टी भरा, दर वर्षी ती परत येते.

दुसरं, मार्जिन. घराच्या मागे सोडलेली जागा महानगरपालिकेच्या नियमात मोकळी ठेवायची असते, आणि तिथे पक्कं बांधकाम केलंत की ते उद्या घर विकताना, कर्जाच्या वेळी किंवा शेजाऱ्याशी बिनसल्यावर नकाशाशी ताडून बघितलं जातं. २०२२ मध्ये राज्याने इम्पॅक्ट फी भरून अनधिकृत बांधकाम नियमित करायचा कायदा केला तेव्हा कितीजणांनी मागच्या खोल्यांची मापं काढायला मला बोलावलं होतं. नट-बोल्टने उभी केलेली शेड नियमातून आपोआप सुटते असं मी म्हणत नाही. सोसायटीला आणि वॉर्ड ऑफिसात विचाराच, आणि शेजाऱ्याला त्याआधी विचारा. फरक एवढाच की उद्या काढायची वेळ आली तर माझी शेड चार तासांत उतरते आणि दुसरीकडे उभी राहते, विटांचा नुसता राडारोडा होतो.

तुमची लाकडाची हौस मात्र मला मनापासून आवडली आणि तीच मला मोडावी लागतेय. तुम्ही बघता ते व्हिडिओ परदेशातले. तिथे औषध पाजलेलं पाइन लाकूड ठराविक मापांत दुकानात मिळतं, म्हणून एक माणूस आणि एक करवत यांत काम होतं. इथे सागवानात आठ बाय दहाची शेड म्हणजे त्या ट्रंकांतली पितळी भांडी विकावी लागतील. पॅकिंगच्या पाइनमध्ये केलीत तर चार महिने पाऊस आणि बारा महिने वाळवी. बाहेरच्या भिंतीला प्लाय लावलेली एक शेड मी उतरवली आहे, मरीन प्लाय होता. कडा उघड्या राहिल्या होत्या, तिथून थर पानांसारखे सुटले होते.

म्हणून तुमच्यासाठी मी असं करीन: जोतं कडियाकडून, सांगाडा आणि पत्रा फॅब्रिकेटरकडून, आणि आतलं सगळं तुमच्या हातांनी. मांडण्या, सायकली टांगायचे आकडे, अवजारांची फळी, मखराला छताखालची मचाण, दाराच्या आतली खणांची पेटी. तिथे लाकूड वापरा, ओल लागत नाही, फक्त जमिनीपासून चार बोटं वर आणि भिंतीपासून सुटं ठेवा, म्हणजे वाळवीची माती चढली तर दिसेल. रंगही तुम्हीच द्या. रंगाऱ्यापेक्षा घरचा माणूस पाइपाच्या खालच्या बाजूला ब्रश जास्त नीट फिरवतो.

फॅब्रिकेटरशी बोलताना काय बोलायचं ते सांगतो, कारण 'एक शेड बनवून द्या' म्हटलं की तो त्याच्याकडे उरलेल्या मालातून करतो. मीही करायचो. दर चौरस फुटात घेऊ नका, किलोत घ्या, आणि माल तुमच्यासमोर तोलायला लावा. पाइपाची जाडी दोन एमएम लिहून घ्या. नुसतं 'हेवी' म्हटलं तर दीड येतो, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. पत्रा रंगीत प्रोफाइलचा, ०.४५ च्या खाली नको. छपराच्या दोन आडव्या पाइपांत तीन फुटांहून जास्त अंतर नको. तुम्ही म्हणाल छपरावर कोण चढणार? १४ जानेवारीला बघा. उत्तरायणाला तुमचं छप्पर हे शेजारच्या गच्चीवरून कटलेला पतंग पकडायचं पहिलं पाऊल असणार, आणि पोरं आडव्या पाइपावर पाय ठेवत नाहीत, मधे ठेवतात.

छपराला एकाच बाजूला उतार, आठ फुटांत दहा इंच, आणि तो तुमच्या वाड्याकडे, शेजाऱ्याच्या भिंतीकडे नाही. बाहेर आलेल्या कडांसकट दहा बाय बाराचं छप्पर धरलं तर चार इंच पावसात त्यावरून अकराशे लिटर पाणी उतरतं. ते कुठे जाणार ते आज ठरवा. पन्हाळ लावून चोकडीच्या गटाराला सोडा नाहीतर पिंप ठेवा, पण कोब्याच्या कडेला पडू देऊ नका. काळी माती असेल तर मुळीच नको.

छपराचे स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायला सांगा. खोलगट भागात मारणं सोपं जातं म्हणून पोरं तिथेच मारतात, आणि पाणी तिथूनच वाहतं. रबरी वॉशर दबला पाहिजे, पिळून बाहेर आला नाही पाहिजे. पत्रा कात्रीने कापायचा. ग्राइंडरने कापला की कडेचा रंग आणि जस्त दोन्ही जळतं आणि लोखंडाचा कीस छपरावर उडून बसतो. एका पावसात सगळ्या छपरावर गंजाचे ठिपके उठतात, आणि गिऱ्हाईक पत्र्याच्या कंपनीला शिव्या घालतं. संध्याकाळी काम संपल्यावर छप्पर झाडूने झाडून घ्या, एवढं सांगितलं तरी पुरे. जिथे वेल्डिंग झालं तिथे आधी ब्रशने मळी काढून रेड ऑक्साइड, मग रंग. मळीवरच रंग मारला की तो सहा महिन्यांत खवल्यासारखा सुटतो. खालच्या पाइपाला दर तीन फुटांवर खालून एक भोक, आत शिरलेलं पाणी निघायला. ही भोकं कोणी पाडत नाही. माझ्या २००३ च्या शेडला पण नव्हती.

वारा खेळायला समोरासमोरच्या भिंतींत अगदी वर जाळीचे झरोके ठेवा, उंदीर शिरणार नाही एवढी बारीक जाळी. ते नसेल तर हिवाळ्यात सकाळी पत्र्याला आतून घाम येतो आणि मखराच्या थर्माकोलवर ठिबकतो. लोक म्हणतात छप्पर गळतंय. मी शिडी लावून वर जातो, एकही भोक नसतं. छपराचा रंग पांढरा किंवा फिका घ्या. गडद निळा सुंदर दिसतो, पण मे महिन्यात बाहेर ४२ असताना निळ्या पत्र्याखाली उभं राहून बघा. दाराला नुसती कडी नको, वारा आला तरी उघडणार नाही अशी वर-खाली जाणारी बोल्टपट्टी हवी. वाऱ्याचं गणित मघाशी सांगितलंच.

वडिलांचे कागद मात्र या शेडमध्ये ठेवू नका. कसलीही शेड करा, विटांची केलीत तरी. ते घरात माळ्यावर, आणि शक्य असेल तर स्कॅन करून. पत्र्याखाली उन्हाळ्यात कागद करपतो आणि पावसाळ्यात त्याला बुरशी येते, आणि वाळवीला पितळ आवडत नाही, कागद आवडतो. थिनर, रंगाचे उघडे डबे, भरलेला गॅस सिलिंडर, इन्व्हर्टरची बॅटरी, यातलंही काही नको. कागद वजा केले की आठ बाय दहाऐवजी सहा बाय दहाचीही पुरेल असा माझा अंदाज आहे, आणि मग चोकडीपासून शेड दोन फूट लांब सरकवता येईल. मातीच्या दृष्टीने ते फारच बरं.

माझं म्हणणं दोन गोष्टींनी बदलेल. तुम्ही हे घर दोन-चार वर्षांत सोडणार असाल तर जोतं साधंच करा, किट आणा आणि अँकर तेवढे नीट मारून घ्या. आणि ती शेड उद्या मुलाला कामाची खोली म्हणून, पंखा-लाइट लावून वापरायची असेल तर वहिनी बरोबर आहेत. मग ती अडगळीची जागा राहत नाही, वस्तीची खोली होते. तिला पाया, परवानगी आणि विटा तिन्ही लागतील, आणि माझ्याऐवजी सिव्हिल इंजिनिअरला बोलवा.

काम दिवाळी ते होळी या दिवसांत काढा. मे महिन्यात सगळ्या वडोदऱ्याला एकदम पत्रे आठवतात, चांगला फॅब्रिकेटर सापडत नाही आणि सापडला तर घाईत करतो. उन्हाळ्यात कोब्यावर पाणी धरून ठेवणंही कठीण, सकाळी मारलेलं दुपारपर्यंत उडतं. निदान सात दिवस तो ओला राहायला हवा, गोणपाट टाकून ठेवा. खड्डा मात्र आताच खणा. दोन बादल्या पाणी ओतून रात्रभर ठेवा आणि सकाळी बघा. पाणी जिरून गेलेलं असेल तर निश्चिंतपणे फिके पत्रे बघायला लागा. तसंच उभं असेल, आणि काठाची माती हाताला चिकटून सुटत नसेल, तर पत्र्याआधी मुरमाची गाडी सांगा.